हेडसेट चढवला म्हणजे पुनर्वसन झालं का?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक ताई आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या यजमानांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सात महिन्यांपूर्वी मोटारसायकल घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. मेंदूत रक्तस्राव, शस्त्रक्रिया, अकरा दिवस आयसीयू. जीव वाचला. आज ते चालतात, बोलतात. पण उजवा हात अडखळतो, दोन कामं लागोपाठ सांगितली की दुसरं विसरतात आणि संध्याकाळ झाली की कारण नसताना चिडतात. दुकान तेव्हापासून बंद आहे.

ताईंनी पिशवीतून एक चकचकीत पत्रक काढून टेबलावर ठेवलं. डोळ्यांवर हेडसेट लावलेला एक हसरा माणूस, मागे निळ्या रंगात चमकणारा मेंदू आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी न्यूरो रिहॅब. २० सेशन, ६० हजार रुपये.'

"सर, पतसंस्थेतून कर्ज मिळतंय. हे केलं तर हे परत दुकानात बसतील ना?"

मी विचारलं, "सध्या फिजिओथेरपी कुठे चालू आहे?"

"ती चार महिन्यांपूर्वीच बंद केली. रोजचं परवडत नव्हतं."

हा लेख मी त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितोय. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजेच व्हीआर, हे वाईट तंत्र नाही. योग्य हातात ते उपयोगी पडतं आणि कुठे पडतं तेही मी पुढे सांगणार आहे. पण ज्या माणसाची साधी थेरपी पैशाअभावी बंद पडली आहे, त्याला कर्ज काढायला लावून हेडसेट विकणं मला मान्य नाही. त्याची कारणं पेशंटला आणि घरच्यांना समजतील अशी मांडतो.

व्हीआर म्हणजे नेमकं काय?

दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट असतो. तो लावला की आजूबाजूची खोली दिसेनाशी होते आणि संगणकाने तयार केलेली बाग, रस्ता किंवा दुकान दिसू लागतं. मान वळवली की दृश्यही वळतं. दुसऱ्या प्रकारात समोर टीव्हीसारखा पडदा असतो आणि कॅमेरा किंवा हातातलं यंत्र तुमची हालचाल टिपतं. तुम्ही हात उचलला की पडद्यावरचा हात फुगा फोडतो किंवा फळ पकडतो. पत्रकात दोन्हीला 'व्हीआर' म्हणतात, किमतीत मात्र खूप फरक असतो. त्यामुळे पैसे देण्याआधी यातलं नक्की काय मिळणार आहे ते विचारा.

मेंदू सुधारतो तो कशाने?

मेंदूचा जो भाग मेला तो परत उगवत नाही. पण आजूबाजूच्या आणि दूरच्या पेशी नव्या जोडण्या करून काही कामं उचलू शकतात. अपघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा वेग जास्त असतो. पुढे तो मंदावतो, पण थांबत नाही. डोक्याला मार बसलेल्या माणसात दोन वर्षांनंतरही सुधारणा होताना आम्ही पाहतो.

या जोडण्या पक्क्या होण्यासाठी सराव लागतो आणि तो भरपूर लागतो. ज्या कामासाठी हात हवा आहे तेच काम, किंवा त्याच्या अगदी जवळचं काम, शेकडो वेळा करावं लागतं. ते फार सोपं झालं तर मेंदू शिकत नाही, फार अवघड झालं तर पेशंट हात टेकतो. म्हणून ते रोज थोडं अवघड करत न्यावं लागतं आणि चुकलं तर लगेच कळावं लागतं.

आता एक आकडा बघा. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत पक्षाघाताच्या पेशंटची ३१२ थेरपी सेशन्स संशोधकांनी शेजारी बसून मोजली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या सेशनमध्ये हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव झाला, तिथे सरासरी फक्त ३२ वेळा हालचाल झाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला शेकडो वेळा हालचाल करवून घेतात. म्हणजे श्रीमंत देशांतल्या चांगल्या केंद्रांतसुद्धा सराव कमी पडतो. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास, त्यात दहा मिनिटं शेक आणि दहा मिनिटं दुसऱ्याने हात वरखाली करून देणं. त्यात पेशंटने स्वतः कितीदा हात वापरला? घरच्यांनी एकदा मोजून बघावं.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघातानंतर गरज असलेल्यांना दिवसाला किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस पुनर्वसन द्यावं असं म्हटलं आहे. यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बोलण्याची थेरपी सगळं आलं. तिथेही हे सगळीकडे मिळतं असं नाही, पण मोजपट्टी तरी आहे. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' एवढंच लिहिलेलं असतं. किती, कोणती, किती दिवस, कोणाकडे, काहीही नाही. मीसुद्धा अनेक वर्षं हेच लिहीत आलो आहे. ती चूक माझीही आहे.

हेडसेटने जास्त फायदा होतो का?

अभ्यास काय सांगतात ते पाहू.

२०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त एक चाचणी प्रसिद्ध झाली. चार देशांतले पक्षाघाताचे १४१ पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. नेहमीचं पुनर्वसन दोघांनाही मिळालं. त्यावर एका गटाला हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम दिला. दुसऱ्या गटाला पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा जेंगा, चेंडूचे खेळ असं काहीबाही दिलं. दोन्ही गटांना सारखाच वेळ, एकेक तासाची दहा सेशन्स. दोन आठवड्यांनी हाताची परीक्षा घेतली, तर दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हा निकाल मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगतो तेव्हा काही जण हसतात, काही जण नाराज होतात. पत्त्यांचा कॅट पिसणं, पानं उचलणं, लावणं, टाकणं हीही हाताच्या शेकडो हालचालींची कसरतच आहे. तो कॅट घरात असतो.

२०१७ मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियममधल्या १२० पेशंटवरची चाचणी आली. इथे व्हीआरची तुलना तेवढ्याच वेळाच्या साध्या थेरपीशी केली. दोन्ही सारख्याच ठरल्या.

त्याच वर्षी कोक्रेन या संस्थेने तोपर्यंतचे ७२ अभ्यास आणि २,४७० पेशंट एकत्र तपासले. हातासाठी व्हीआर साध्या थेरपीपेक्षा सरस ठरलं नाही. पण नेहमीच्या थेरपीवर जास्तीचं म्हणून दिलं, म्हणजे सरावाचा एकूण वेळ वाढवला, तेव्हा फायदा दिसला. २०२५ च्या नव्या आढाव्यात १९० अभ्यास आणि सात हजारांहून जास्त पेशंट होते. त्यात हाताच्या हालचालीत व्हीआर दुसऱ्या थेरपीपेक्षा थोडं पुढे गेलेलं दिसलं. हे मी लपवणार नाही. पण 'थोडं' या शब्दावर बोट ठेवून वाचा. पत्रकातला चमकणारा मेंदू त्या शब्दातून निघत नाही.

आणखी एक. हे सगळे आकडे पक्षाघाताचे आहेत. अपघातात डोक्याला मार बसलेल्यांवरचे अभ्यास याहून लहान आणि विखुरलेले आहेत. पक्षाघातात बहुतेकदा मेंदूचा एक ठरावीक भाग जातो. अपघातात मेंदू कवटीच्या आत हादरतो. हालचालीबरोबर लक्ष, आठवण, राग आवरणं, कामाचा क्रम लावणं हे सगळं बिघडतं. एकाचा निकाल दुसऱ्याच्या पत्रकावर छापणं बरोबर नाही.

गुण वाढले म्हणजे पेशंट सुधारला का?

सेशन संपलं की यंत्र एक छापील आलेख देतं. पहिल्या दिवशी ४० गुण, विसाव्या दिवशी २१०. घरचे खूश. पण कोणताही गेम आपण वीस दिवस खेळलो तर आपलेही गुण वाढतील. पेशंट तो गेम शिकला, एवढंच त्या आलेखावरून कळतं. शर्टाचं बटण लागतं का, भाकरीचा तुकडा मोडता येतो का, दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येतात का, हे आलेखात नसतं. थेरपीचा हिशेब या गोष्टींवर करायचा असतो.

मग व्हीआरचा उपयोग कुठे?

काही ठिकाणी तो खरा आहे. डोक्याला मार बसलेला तरुण मुलगा तेच ते व्यायाम करून कंटाळतो, उठायला तयार नसतो. त्याला गेममध्ये आणखी चाळीस मिनिटं रस वाटला तर तो सराव वाढलाच. रस्ता ओलांडणं, गर्दीच्या दुकानातून चार वस्तू यादीप्रमाणे आणणं, अशा गोष्टी सुरुवातीला बाहेर नेऊन शिकवणं धोक्याचं असतं. तिथे आभासी रस्त्यावर चुकलं तरी कोणी गाडीखाली जात नाही. काही पेशंट डाव्या बाजूकडे दुर्लक्ष करतात, ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं. त्यांना डावीकडे बघण्याचा सराव पडद्यावर चांगला देता येतो. तोल सुधारण्यासाठीही काही केंद्रं त्याचा नेटका वापर करतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शेजारी शिकलेला थेरपिस्ट असतो. तो गेम निवडतो, अवघडपणा ठरवतो, थकवा ओळखतो आणि आभासी दुकानात जमलेलं काम पुढच्या आठवड्यात खऱ्या दुकानात करवून घेतो. हा शेवटचा टप्पा नसेल तर आधीच्या सगळ्याचा फारसा उपयोग नाही.

'काहीच नसण्यापेक्षा बरं ना?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पैसे आणि वेळ अमर्याद असते तर मी हो म्हटलं असतं. पण साठ हजार एकदाच खर्च होतात. तेवढ्यात आमच्या भागात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने घरी येऊ शकते. महाग यंत्र निवडलं की ते महिने गेले. घरचे कर्जात आणि पेशंट पुन्हा खाटेवर.

दुसरा प्रश्न खेड्यातून येतो. 'आमच्याकडे थेरपिस्टच नाही, मग आम्ही काय करायचं?' हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं सोपं उत्तर नाही. घरच्यांनाच शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करवून घ्यावं, हा उपाय आपल्या देशात तपासून झाला आहे. 'अटेंड' नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० पक्षाघाताचे पेशंट होते. निम्म्यांच्या घरच्यांना प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत सारखेच, साधारण ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं याचा अर्थ कोणी काढू नये. शिकलेल्या माणसाचं काम थोड्याशा प्रशिक्षणाने आई, बायको किंवा मुलावर ढकलता येत नाही, हा त्याचा अर्थ आहे. ते काम हेडसेटवरही ढकलता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी थेरपिस्टच्या जागा निर्माण करणं आणि त्या भरणं, याला पर्याय नाही.

माझा राग कोणावर आहे?

यंत्रावर नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. या जखमींत डोक्याला मार बसलेले किती तरी जण घरी परततात. शस्त्रक्रियेचा आणि आयसीयूचा खर्च विमा किंवा सरकारी योजना बऱ्याचदा उचलतात. पण घरी गेल्यावरची महिनोन्महिन्यांची थेरपी बहुतेक पॉलिसींत बसत नाही. लाखो रुपये खर्चून वाचवलेला माणूस पुढच्या काही हजारांसाठी खाटेवर ठेवायचा, हा कोणता हिशेब?

ही पोकळी आहे म्हणून पत्रकं छापली जातात. हेडसेटचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो. दोन थेरपिस्टना कायमची नोकरी दिली याचा फोटो कोणी काढत नाही. आणि आम्ही डॉक्टर? शस्त्रक्रिया यशस्वी झाली की आमचं लक्ष पुढच्या पेशंटकडे जातं. टाके काढले, गोळ्या लिहिल्या, संपलं. घरच्यांना पुढचा रस्ता आम्ही दाखवला असता तर ते पत्रक बघून कर्ज काढायला निघाले नसते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. सेशनमध्ये शेजारी कोण असेल? फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, की फक्त यंत्र चालू करून देणारा मुलगा?

२. माझ्या पेशंटला घरातलं कोणतं काम जमावं म्हणून हे करतो आहोत? उत्तरात 'मेंदू अ‍ॅक्टिव्हेट होईल' असं आलं तर उठून या.

३. सुधारणा कशी मोजणार? गेमच्या गुणांवर, की बटण, जिना, आंघोळ, पैशांचा हिशेब यांवर?

४. नेहमीची थेरपी चालू ठेवूनच हे करायचं आहे ना? तिच्या जागी असेल तर नको म्हणा.

५. दोन-तीन सेशनचे पैसे देऊन बघता येईल का? वीसचे आधीच का भरायचे?

आणि काही धोके. पेशंटला फिट येत असतील किंवा आधी आल्या असतील तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. शस्त्रक्रियेत कवटीचं हाड काढून ठेवलेलं असेल तर त्या जागेवर हेडसेटच्या पट्ट्याचा दाब पडता कामा नये. हे सांगायला विसरू नका, कारण केस वाढल्यावर ती जागा पटकन दिसत नाही. गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं तर लगेच थांबवा. तोल जाणाऱ्या पेशंटला हेडसेट लावून एकटं उभं करू नका. गोंधळलेल्या किंवा पटकन घाबरणाऱ्या पेशंटचे डोळे असे झाकणं त्रासाचं ठरू शकतं.

कमी खर्चात काय करता येतं?

पक्षाघातानंतर ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी हलतात, त्यांच्यासाठी चांगल्या हातात मोजा घालून दुबळ्या हातालाच काम करायला लावण्याची पद्धत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ पेशंटच्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. ही पद्धत थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते, पण तिला महागडं यंत्र लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत फिजिओथेरपी विभाग असतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. सुरुवातीला एकदा नीट तपासणी करून सरावाचा लेखी तक्ता घ्या. तो तक्ता भिंतीवर लावा आणि किती वेळा केलं ते रोज पेन्सिलने लिहा.

त्या ताईंचं काय झालं?

कर्ज काढलं नाही. जमवलेल्या पैशांतून ऑक्युपेशनल थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने त्यांच्या दुकानातून तांब्याची तार आणि एक रिकामा साचा मागवला. उजव्या हाताने तार ओढायची, वेढे मोठ्याने मोजायचे. पहिल्या आठवड्यात बारा वेढ्यांच्या पुढे मोजणी हरवत होती आणि तार फेकून देण्यापर्यंत राग जात होता. मग तिने दर दहा वेढ्यांना वहीत एक रेघ मारायला शिकवलं. परवा ते दाखवायला आले तेव्हा साठपर्यंत गेले होते. पूर्ण मोटार अजून त्यांना भरता येत नाही, कदाचित एकट्याने कधीच येणार नाही. हे मी त्यांना आणि ताईंना स्पष्ट सांगितलं आहे. पण रोज सकाळी तासभर दुकानाचं शटर उघडतं आणि गिऱ्हाईक आलं की ते नाव लिहून घेतात.

उद्या त्यांच्या थेरपिस्टने सांगितलं की आता रस्ता ओलांडण्याच्या सरावासाठी चार सेशन व्हीआरची घेऊ या, तर मी आनंदाने चिठ्ठी लिहून देईन.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, थेरपी कोणती, आठवड्यातून किती तास आणि किती महिने, ते कार्डावर लिहून द्या." संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे. आणि दुचाकीवर बसताना हेल्मेट डोक्यावर घाला, हँडलला नको.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक पेशंटची इजा वेगळी असते, त्यामुळे उपचार ठरवताना आपल्या डॉक्टरांचा आणि थेरपिस्टचा सल्ला घ्या.)